‘लगेच’ला झाला उशीर

बायबलमधली एक छोटीशी गोष्ट सांगते. सकाळी येशू जेरुसलेमकडे निघालेले, पोटात भूक. वाटेत अंजिराचं हिरवंगार झाड दिसलं. जवळ जाऊन बघतात तर नुसती पानंच! यापुढे तुला फळ यायचं नाही, असं ते झाडाला म्हणाले आणि झाड वाळलं. शिष्य थक्क झाले.

पण ते वाळलं कधी? १६११ साली छापलेल्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलमध्ये तिथे शब्द आहे ‘प्रेझेंटली’. आजच्या शब्दकोशात बघा: ‘थोड्या वेळानं’. मग शिष्यांना एवढं नवल कसलं वाटलं?

गंमत अशी, की तेव्हा ‘प्रेझेंटली’चा अर्थ होता ‘ताबडतोब’! मूळ ग्रीक शब्दही तेच सांगतो. म्हणजे भाषांतर बरोबर होतं, शब्दच पुढे ढिला पडला.

आणि तो एकटा नाही हं. त्याच पुस्तकात पेरणाऱ्याची गोष्ट आहे. खडकाळ जमिनीत पडलेलं बी भराभर उगवतं आणि उन्हानं करपूनही जातं. तशीच काही माणसं चांगली गोष्ट ऐकताच आनंदानं स्वीकारतात आणि अडचण येताच सोडून देतात. इथे ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे, ‘युथुस’. १६११च्या इंग्रजीत मात्र एकदा ‘अनॉन’ आणि पुढच्याच ओळीत ‘बाय अँड बाय’. दोन्हींचा तेव्हाचा अर्थ ‘लगेच’, आजचा ‘थोड्या वेळानं’. आजच्या अर्थानं वाचलं, तर ती माणसं सावकाश खूश होतात आणि सावकाश कंटाळतात! गोष्टीतला सगळा झपाटाच गेला की. म्हणून १८८१ साली बायबलच्या ‘नवा करार’ या भागातलं हे इंग्रजी सुधारलं, तेव्हा असे शब्द बदलावे लागले.

‘सून’ हा इंग्रजी शब्द (सासू-सुनेतली सून नव्हे!) तर हजारेक वर्षांपूर्वी ‘तत्क्षणी’ या अर्थाचा होता. आज तो फक्त ‘लवकरच’.

असं होतं तरी कसं? उत्तर तुमच्याच घरात आहे. आई हाक मारते, “अरे, जेवायला चल!” तुम्ही ओरडता, “आलोच!” बघा, ‘येतो’सुद्धा नाही, थेट ‘आलो’, वर ‘च’ लावून! आणि येता कधी? डाव संपल्यावर. आईलाही ते ठाऊक असतं, म्हणून ती ताट इतक्यात वाढत नाही. बोलणारा वेळ लावतो, ऐकणारा तो वेळ धरूनच चालतो. अशा लाखो माणसांच्या लाखो हाकांमधून शब्दाचा अर्थ हळूहळू पुढे सरकतो. मग नवा चटपटीत शब्द लागतो. काही पिढ्यांनी त्याचीही तीच गत.

‘युथुस’चा आणखी एक अर्थ मला फार आवडतो: ‘सरळ’. कुठेही न वळता, न थांबता. आपण नाही का म्हणत, “तो तडक घरी गेला”? त्या ‘तडक’मध्ये वाटही सरळ आहे आणि वेळही वाया गेलेला नाही. हा आपला शब्द अजून मुळीच सुस्तावलेला नाही.