चौकट : एक ठिपका, दोन ठिपके

लिनक्सच्या प्रत्येक डिरेक्टरीत दोन नावे राखीव असतात : एक ठिपका म्हणजे तीच डिरेक्टरी आणि दोन ठिपके म्हणजे तिला सामावणारी वरची डिरेक्टरी, म्हणूनच ‘अलिबाग’ नावाच्या डिरेक्टरीतून शेजारच्या ‘मुरूड’कडे जाणारा मार्ग दोन ठिपक्यांनी सुरू होतो. दिलेले नाव या दोहोंपैकी एक आहे का, हे तपासणारा जवळपास सारखाच मजकूर कर्नलमध्ये, म्हणजे संगणक-प्रणालीच्या गाभ्यात, अनेक ठिकाणी वेगवेगळा लिहिलेला होता. फाइलनावे सांकेतिक करणाऱ्या एफएसक्रिप्ट आणि ईक्रिप्टएफएस या भागांची तपासणी स्वतंत्र होती. पुढे त्या साऱ्यांसाठी ‘इझ-डॉट-डॉटडॉट’ हे एकच मदतनीस फंक्शन, म्हणजे इतर फंक्शनांनी वारंवार बोलवायचा छोटा कार्यघटक, ठेवण्यात आले. त्यातील पहिली अट लांबी शून्य नसल्याची आहे आणि कोड तपासणाऱ्या परीक्षकाने तीच सर्वाधिक बारकाईने पाहावी, कारण ती गळल्यास रिकाम्या नावाचे अस्तित्वात नसलेले पहिले अक्षर वाचले जाईल. मग पहिला बाइट ठिपका आहे का हे एकदाच पाहिले जाते, आणि तो असेल तरच लांबी एक किंवा, दुसराही ठिपका असल्यास, दोन आहे का हे तपासले जाते. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असल्याने ‘अलिबाग’ १८ बाइट घेते, पण या फंक्शनचा निकाल पहिल्याच बाइटला लागतो. ईएक्सटी४ या फाइल-प्रणालीतील नावाची २५५ बाइटांची मर्यादा मात्र अशा नावांना ८५ चिन्हांवरच थांबवते.