मिरगीची शस्त्रक्रिया सर्जन शिकतात कशी?

मिरगी, फेफरे, आकडी, फिट्स. नावे अनेक, आजार एकच. मेंदूतील पेशींमधून एकाएकी विजेचा लोट उसळतो आणि त्याचे परिणाम शरीरावर दिसतात. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. नाकाशी धरलेल्या चपलेला वा कांद्याला त्याचे श्रेय उगाच मिळते.

दहांपैकी साधारण सात रुग्णांचे झटके गोळ्यांनी आटोक्यात येतात. उरलेल्यांचे काय? योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही झटके येतच राहिले, तर पुढच्या औषधाने ते पूर्ण थांबण्याची आशा थोडीच असते. अशांपैकी काहींना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. पण 'मेंदूचे ऑपरेशन' म्हटले की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. म्हणून हा सर्जन काय शिकून आलेला असतो, ते पाहू.

एमबीबीएसनंतर मेंदूचा सर्जन होण्यास किमान सहा वर्षे लागतात. मिरगीच्या कामाची उमेदवारी त्याहून वेगळी. तिचा बराचसा काळ झटके पाहण्यातच जातो! रुग्णाला काही दिवस दाखल करून डोक्याला ईईजीच्या तारा लावतात, समोर कॅमेरा ठेवतात. आधी कोणता हात वाकडा झाला, तोंड चघळल्यासारखे हलले का, बोलणे केव्हा बंद पडले, यावरून झटक्याचा उगम शोधायचा. मग चित्रफीत, ईईजी आणि एमआरआय यांची साक्ष जुळते का, हे मेंदूविकारतज्ज्ञ व मानसतज्ज्ञ यांच्यासह बसून ठरवायचे. जुळत नसेल तर घाई करायची नाही. आमच्या मते सुरी चालवण्यापेक्षा ती खाली ठेवायला शिकणे अवघड.

याचे कारण अमेरिकेत घडले. १९५३ मध्ये डॉ. स्कोव्हिल यांनी हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूचा, दोन्ही कानशिलांच्या आतील बाजूचा भाग काढला. झटके कमी झाले. पण त्यानंतर घडलेले काहीही त्याच्या लक्षात राहीना. २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तसाच जगला. एकाच वेळी दोन्ही बाजूंना हात घालायचा नाही आणि आधी स्मरणशक्ती तपासायची, हा धडा प्रत्येक उमेदवाराला यावरूनच मिळतो.

खुद्द मेंदूला वेदना नसते. त्यामुळे वाचेच्या भागाजवळ काम असेल, तर कधी कधी रुग्णाला जागे ठेवतात. टाळू बधिर केलेली असते. सौम्य विद्युतप्रवाह लावून त्याला चित्रांची नावे विचारायची; जिथे बोली अडखळली, ती जागा राखायची. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे डॉ. पेनफिल्ड यांनी हे तंत्र रुळवले. ते स्वतः जर्मनीत डॉ. फोर्स्टर यांच्याकडे शिकले होते. पेनफिल्ड यांच्या संस्थेत शिकलेले डॉ. जेकब चांडी १९४९ मध्ये वेल्लोरला आले आणि १९५२ मध्ये भारतातील पहिली मिरगीची शस्त्रक्रिया त्यांनी केली. मुंबईचे डॉ. राम गिंडेही मॉन्ट्रियललाच शिकलेले. पुढे १९९५ मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत मिरगीच्या शस्त्रक्रियेचे केंद्र सुरू झाले. तेव्हापासून ही विद्या शिकायला परदेशी जाण्याची गरज पुष्कळ कमी झाली.

गुण किती येतो? कॅनडात ८० रुग्णांवर झालेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. कानशिलाकडील मिरगीत शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण वर्षानंतर शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांतून मुक्त होते. नुसत्या गोळ्यांवर ८ टक्के. धोका नाहीच असे नाही. तो किती, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

घरात असा रुग्ण असेल, तर झटक्यांच्या तारखा वहीत टिपा, जमल्यास मोबाइलवर झटक्याचे चित्रण करा. दोन औषधांनंतरही झटके येत असतील, तर मोठ्या केंद्राकडे चिठ्ठी द्यायला डॉक्टरांना सांगा. मात्र चालू गोळ्या आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नका.