मधुमेहाच्या नियंत्रणासाठी मोबाईलवरील लघुसंदेश

मधुमेहावरील उपचारात औषधांइतकेच महत्त्व रुग्णाच्या दिनचर्येला असते. डॉक्टरांची भेट काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आणि तीही थोड्या वेळापुरतीच होते. काय खावे, किती चालावे, औषध वेळेवर घेतले की नाही, हे प्रश्न मात्र रुग्णाला दररोज स्वतःच सोडवावे लागतात. दोन भेटींमधील या काळात साधा मोबाईल कितपत उपयोगी पडू शकतो, याविषयी भारतात महत्त्वाचे संशोधन झाले आहे.

या प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार, भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत असल्याचा अंदाज आहे. मधुमेहाचे सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के प्रमाण गोव्यात आढळले. मधुमेहपूर्व अवस्थेत रक्तातील साखर सामान्य पातळीपेक्षा जास्त, परंतु मधुमेहाच्या निकषापेक्षा कमी असते. आहार आणि व्यायामाकडे लक्ष दिल्यास या टप्प्यावर आजार टाळता किंवा लांबविता येतो.

चेन्नई येथील मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ ते २०१२ या काळात दक्षिण भारतातील ३५ ते ५५ वर्षे वयोगटातील ५३७ नोकरदार पुरुषांवर एक चाचणी घेतली. हे सर्वजण मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. दोन्ही गटांना सुरुवातीला आहार-व्यायामाचा सल्ला देण्यात आला. त्यानंतर एका गटाला मोबाईलवर नियमित लघुसंदेश पाठविण्यात आले. ज्याने व्यायामाचा विचारही केलेला नाही त्याला एक संदेश, तर ज्याने तो सुरू केला आहे त्याला दुसरा, अशी त्यांची रचना होती. दोन वर्षांनंतर संदेश न मिळालेल्या गटातील २७ टक्के, तर संदेश मिळालेल्या गटातील १८ टक्के पुरुषांना मधुमेह झाल्याचे दिसून आले.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनीही २०१२ मध्ये मोबाईलद्वारे आरोग्यविषयक संयुक्त उपक्रम सुरू केला. त्याअंतर्गत सेनेगलमध्ये २०१४ साली रमजानच्या काळात मधुमेही व्यक्तींना उपवासाविषयी संदेश पाठविण्यात आले. भारत सरकारनेही २०१६ मध्ये अशी संदेशसेवा सुरू केली. केवळ मिस्ड कॉल देऊन तीत नाव नोंदविण्याची सोय करण्यात आली होती.

तथापि, प्रत्येक वेळी सारखेच यश मिळालेले नाही. भारत आणि ब्रिटनमधील २,०६२ स्त्री-पुरुषांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत, लघुसंदेशांमुळे मधुमेह होण्याच्या प्रमाणात लक्षणीय घट झाली नाही. या चाचणीत सहभागींची निवड वेगळ्या रक्ततपासणीच्या आधारे झाली होती. एका गटात यशस्वी ठरलेला उपाय सर्वांना तसाच लागू पडेल असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

संदेश कोणापर्यंत पोहोचतो, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. अनेक घरांत एकच फोन असतो आणि तो बहुधा कर्त्या पुरुषाजवळ राहतो. अशा वेळी घरातील मधुमेही स्त्रीसाठी आलेला संदेश तिला दिसेलच असे नाही. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेतील ध्वनिसंदेशच उपयोगी ठरू शकतो.

मोबाईल आठवण करून देऊ शकतो, निदान करू शकत नाही. संदेशाच्या आधारे गोळी बंद करणे किंवा इन्सुलिनची मात्रा परस्पर बदलणे धोक्याचे आहे. घाम फुटणे, हातपाय थरथरणे, एकाएकी अशक्तपणा जाणवणे ही साखर कमी झाल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असल्यास त्याला त्वरित साखर, ग्लुकोज किंवा गोड पेय द्यावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काहीही न देता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

रक्ताची नियमित तपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला यांची जोड असेल, तरच खिशातील फोन मधुमेहाच्या नियंत्रणात खऱ्या अर्थाने साहाय्यक ठरतो.