आकाशातील संवाद आणि पुनरुच्चाराचे मोल

विमानाने कोणत्या उंचीवर असावे, धावपट्टीवर केव्हा यावे आणि जमीन केव्हा सोडावी, हे ठरविणारा हुकूम आजही बहुतांशी मानवी आवाजातच दिला जातो. रडार, गणकयंत्रे आणि स्वयंचलित उड्डाणयंत्रणा यांनी वैमानिकाचे काम बरेच हलके केले आहे. परंतु नियंत्रकाने आज्ञा द्यावी, वैमानिकाने ती शब्दशः परत म्हणून दाखवावी आणि नियंत्रकाने तो पुनरुच्चार लक्षपूर्वक ऐकावा, ही जुनी त्रिपदी कायम आहे. तिच्यातील एखादी पायरी गाळली गेली म्हणजे काय घडते, याचा इतिहास मोठा दारुण आहे.

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरिफ येथे जे घडले, ते या इतिहासातील सर्वांत भीषण प्रकरण होय. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे अनेक मोठी विमाने लॉस रोडिओस या लहानशा विमानतळावर वळविण्यात आली होती. धुके दाटले होते. के.एल.एम. या डच कंपनीचे जंबो जेट धावपट्टीच्या टोकाशी उभे होते आणि पॅन अमेरिकन कंपनीचे दुसरे जंबो जेट त्याच धावपट्टीवरून चालत येत होते. डच वैमानिकांना उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी मिळाली होती. उड्डाणाची मिळालेली नव्हती. तरीही विमान धावू लागले आणि सहवैमानिकाने ‘आम्ही आता टेक-ऑफला आहोत’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य उच्चारले. विमान उड्डाणाच्या जागी सज्ज उभे आहे, असा अर्थ नियंत्रकाने घेतला. तो ‘ओके’ म्हणाला आणि क्षणभराने थांबण्याची सूचना दिली. नेमक्या त्याच वेळी, आपण अजून धावपट्टीवरच आहोत, असे अमेरिकन वैमानिकांनी कळविले. दोन्ही संदेश एकमेकांवर आदळले. डच विमानात ‘ओके’ तेवढे स्पष्ट पोहोचले. पुढे कर्कश शिटी ऐकू आली. ५८३ माणसे प्राणास मुकली.

हा केवळ अपुऱ्या इंग्रजीचा परिणाम होता काय? तसे म्हणणे सोयीचे असले, तरी पुरेसे नाही. वैमानिकांच्या कामाच्या तासांवर डच कायद्याने कडक मर्यादा घातली होती आणि ती उलटून जाण्याची धास्ती होती. निघण्याची निकड ज्याच्या मनात आहे, त्याच्या कानाला परवानगीच ऐकू येते. समोरचे विमान धावपट्टीवरून हटले नाही काय, अशी शंका विमानातील अभियंत्याने बोलून दाखविलीही होती. परंतु मुख्य वैमानिक हा कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ अधिकारी. त्याने ठामपणे उत्तर दिल्यावर ती शंका तेथेच विरली.

फेब्रुवारी १९८९ मध्ये क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगर कंपनीचे मालवाहू विमान टेकडीवर आदळून चौघे मृत्युमुखी पडले. नियंत्रकाने विमानास २४०० फुटांपर्यंत उतरावयास सांगितले होते. आकडे सुटे उच्चारताना आरंभीचा ‘टू’ हा आकडा की ‘पर्यंत’ या अर्थाचे अव्यय, हे कानाला वेगळे कळले नाही आणि वैमानिकांनी ४०० फूट असे ऐकले. त्यांनी पुनरुच्चारही चुकीच्याच आकड्याचा केला; पण तो कोणी दुरुस्त केला नाही. पुढच्याच वर्षी, २५ जानेवारी १९९० रोजी, कोलंबियाच्या एव्हिआन्का कंपनीचे विमान न्यूयॉर्कनजीक इंधन संपून कोसळले आणि ७३ जण दगावले. वाटेत त्याला एकूण ७७ मिनिटे घिरट्या घालाव्या लागल्या होत्या. सहवैमानिकाने ‘प्राधान्य’ मागितले, इंधन संपत आल्याचेही सांगितले. परंतु ‘इमर्जन्सी’ हा शब्द काही उच्चारला नाही. ज्या एका शब्दाने नियंत्रणयंत्रणा खडबडून जागी झाली असती, तोच राहून गेला.

भारतानेही याची किंमत मोजली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या सायंकाळी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे जंबो जेट आणि कझाकस्तानचे इल्युशिन विमान यांची टक्कर होऊन दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जण ठार झाले. कझाक विमानास १५ हजार फुटांवर राहण्यास सांगितले होते. ते त्याखाली उतरले. न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने त्याचा दोष कझाक वैमानिकांकडे दिला आणि त्यांच्या तोकड्या इंग्रजीकडेही बोट दाखविले. त्या विमानात नियंत्रकाशी बोलण्याचे काम निराळ्या संदेशवाहकाकडे होते, म्हणजे ऐकणारा एक आणि विमान चालविणारा दुसरा. परंतु त्या वेळी दिल्लीला येणारी आणि जाणारी विमाने एकाच मार्गिकेतून सोडली जात आणि तेथील रडार विमानाची उंची दाखवीत नसे, हेही विसरून चालणार नाही. शब्द चुकला तर सावरणारे दुसरे साधन तेथे नव्हते. येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले आणि टक्करीची पूर्वसूचना देणारे यंत्र सक्तीचे झाले, ते या अपघातानंतर.

सुधारणा झाल्या नाहीत, असे नव्हे. टेनेरिफनंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना वा ती रद्द करतानाच वापरावा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणावे, असा दंडक रूढ झाला. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने २००३ मध्ये इंग्रजीच्या किमान पात्रतेची अट स्वीकारली. काही मार्गांवर लेखी संदेशांची सोयही झाली आहे. तरीही २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरणारे प्रवासी विमान धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले आणि त्या विमानातील सहांपैकी पाच जण मरण पावले. तटरक्षक विमानास नियंत्रकाने ‘नंबर वन’, म्हणजे उड्डाणक्रमात पहिले, असे कळवून धावपट्टीबाहेर थांबण्याच्या जागेपर्यंत येण्यास सांगितले होते. वैमानिकांनी त्याचा पुनरुच्चारही बरोबर केला. परंतु धावपट्टीवर जाण्याची मुभा मिळाली, अशी मुख्य वैमानिकाची समजूत झाली. शब्द जुळले, अर्थ जुळला नाही. म्हणूनच पुनरुच्चाराइतकीच एकार्थी शब्दांची गरज आहे.

या साऱ्याला एक आर्थिक बाजूही आहे. पुनरुच्चाराला काही सेकंद लागतात आणि गजबजलेल्या विमानतळावर सेकंदांचे मिनिट, मिनिटांचा पैसा होतो. घाईघाईने उरकलेला संवाद हजार वेळा निभावून जातो. त्या हजार वेळी होणारी बचत विमान कंपनीच्या आणि विमानतळाच्या पदरात पडते; एखाद्या वेळी होणारा घात मात्र ज्याला त्या संवादातील अक्षरही ऐकू येत नाही, अशा प्रवाशाच्या वाट्याला येतो. लाभ एकाकडे आणि धोका दुसऱ्याकडे, अशी वाटणी असते तेथे केवळ व्यावसायिक हिशेबाने सुरक्षितता साधत नाही. ती नियमाने आणि खर्चाने विकत घ्यावी लागते.

हा खर्च कशावर करावयाचा, हेही उघड आहे: पुरेसे नियंत्रक नेमणे, त्यांना विश्रांती देणे, वैमानिकांवर कामाच्या तासांचा ताण येऊ न देणे आणि कनिष्ठाने शंका काढली तर ती ऐकून घेण्याची शिस्त ज्येष्ठांना लावणे. विमानांची संख्या वाढविताना या बाबींवर काटकसर करणे म्हणजे धोका प्रवाशाच्या माथी मारणे होय. ‘पुन्हा सांगा’ असे म्हणण्यात कमीपणा नाही आणि त्यासाठी थांबण्यात तोटाही नाही, ही गोष्ट कंपन्यांच्या वेळापत्रकात आणि सरकारी अंदाजपत्रकात दिसली पाहिजे.