इवल्या भूछत्राची नवी ओळख

मृग नक्षत्राच्या सरी कोसळून गेल्या, की रानाचे रूप चार दिवसांत पालटते. नागपूर-इटारसी लोहमार्गावरील तिगावच्या परिसरात, जेथून सातपुड्याचा घाट चढू लागतो, तेथे सागाच्या पाचोळ्यातून, वारुळांच्या कडेने आणि शेताच्या बांधावरून भूछत्रे डोके वर काढतात. कोणी त्यांना अळंबी म्हणते, कोणी टेकोडे, तर कोणी कुत्र्याची छत्री. खाण्याजोगी तेवढी वेचली जातात आणि उरलेली पायाखाली तुडवली जातात. परंतु ज्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, अशा एखाद्या इवल्याशा भूछत्राचे शास्त्रीय मोल केवढे असू शकते, हे मेघालयातील एका शोधाने दाखवून दिले आहे.

ईशान्य भारतातील बालीपारा फाउंडेशन आणि चीनमधील कुनमिंग वनस्पतिशास्त्र संस्था येथील संशोधकांनी पावसाळ्यात ईशान्येकडील अरण्यांतून कवकांची पाहणी केली. त्या वेळी रात्री चमकणाऱ्या भूछत्रांची माहिती त्यांना दिली, ती तेथील गावकऱ्यांनी. मेलेल्या बांबूच्या चमकणाऱ्या काठ्या हाती घेऊन रात्री रानवाट चालण्याची रीत त्या लोकांना ठाऊक होती. गावकऱ्यांनी दाखविलेल्या वाटेने संशोधक अंधारात गेले आणि पूर्व खासी टेकड्यांतील मावलिनाँग येथे एका ओढ्याकाठी बांबूवर उगवलेली हिरवट प्रकाशाची चिमुकली भूछत्रे त्यांना दिसली. पुढे पश्चिम जैंतिया टेकड्यांतील क्रांग शुरी येथेही तीच आढळली. 2020 साली ‘फायटोटॅक्सा’ या शास्त्रीय नियतकालिकात ही जाती नवीन म्हणून जाहीर झाली.

तिचे नाव रोरिडोमायसिस फायलोस्टॅकिडिस. नाव उच्चारावयास अवघड असले तरी अर्थ सोपा आहे. पहिला शब्द ‘दंवाने भिजलेला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. कारण या गटातील भूछत्रांच्या देठावर ओलसर, बुळबुळीत आवरण असते. दुसरा शब्द ज्या बांबूवर ते वाढते, त्या बांबूच्या शास्त्रीय नावावरून घेतला आहे. या भूछत्राचे वैशिष्ट्य असे, की त्याची टोपी चमकत नाही. चमकतो तो केवळ देठ.

हा प्रकाश म्हणजे भुताटकी नव्हे. कवकाच्या शरीरातील एका विशिष्ट द्रव्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो आणि त्यातून उष्णता जवळजवळ न देणारा थंड प्रकाश बाहेर पडतो. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने चमकणारे कुजके लाकूड काचपात्रात ठेवून आतील हवा काढून घेतली, तेव्हा प्रकाश मावळला. हवा पुन्हा आत सोडताच तो परतला. महाराष्ट्रात भीमाशंकरच्या अरण्यातही भर पावसाळ्यात कुजकी लाकडे अशीच उजळतात. ब्राझीलमधील एका चमकत्या भूछत्रावर झालेल्या व 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले, की रात्रीच्या प्रकाशाकडे कीटक आकर्षित होतात. अशा कीटकांमार्फत बीजाणूंचा प्रसार होण्यास साहाय्य होत असावे.

एखादी जाती नवीन आहे, हे ठरते तरी कसे? केवळ पूर्वी कोणी पाहिली नव्हती, एवढ्याने ते ठरत नाही. प्रथम भूछत्राचा रंग, आकार आणि टोपीखालील पाकळ्यांची रचना ताज्या अवस्थेतच टिपून घ्यावी लागते. मग सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचे मोजमाप होते. त्यानंतर त्याच्या पेशीतील डीएनए हे आनुवंशिक द्रव्य ज्ञात जातींशी ताडून पाहतात. सुकविलेला नमुना वनस्पतिसंग्रहालयात कायमचा जपून ठेवतात, म्हणजे पुढे कोणासही पडताळा घेता येतो. 2013 पासून कवकाच्या नव्या नावाला मान्यताप्राप्त नोंदणीक्रमांक घेणेही बंधनकारक झाले आहे. एवढे सोपस्कार पार पडल्यावरच नाव मान्य होते.

जगात कवकांच्या 22 ते 38 लाख जाती असाव्यात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यांपैकी नाव मिळालेल्या जाती सुमारे दीड लाख. म्हणजे बहुतांश कवके अद्याप अनामिकच आहेत. त्यांचे कार्य मात्र अखंड चालू असते. वाळलेली पाने, मोडलेल्या फांद्या व मेलेला बांबू कुजवून त्यांतील पोषक द्रव्ये मातीस परत करण्याचे काम प्रामुख्याने कवकेच करतात. हे काम थांबले तर पाचोळ्याचे ढीग साचतील आणि जमीन निकस होईल. पांढुर्णा-सौंसर भागातील संत्र्याच्या बागाइतदारास कुजलेल्या खताचे मोल निराळे सांगावयास नको. म्हणूनच रानातील प्रत्येक पडके लाकूड उचलून नेणे किंवा पाचोळ्यास आग लावणे, हे या अदृश्य मजुरांचे घर मोडण्यासारखे आहे. ज्यांना अजून नावही मिळालेले नाही, त्या जाती अशा आगीत ओळख पटण्यापूर्वीच नष्ट होऊ शकतात.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. अनोळखी भूछत्र कदापि खाऊ नये. काही जहाल विषारी भूछत्रे शिजविल्यानेही निर्विष होत नाहीत आणि त्यांच्या विषबाधेची लक्षणे सहा-आठ तासांनंतर, कधी त्याहूनही उशिरा दिसू लागतात. तोवर यकृतास इजा होऊ लागलेली असते. चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडतो की नाही, यावरून केलेली परीक्षा सर्वस्वी फसवी आहे. शंका येताच उरलेले भूछत्र सोबत घेऊन रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

शिक्षकांना या विषयात मोठे कार्य करता येण्याजोगे आहे. जैवविविधता अधिनियम, 2002 अन्वये स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या व लोकजैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद आहे. पावसाळ्यात विद्यार्थ्यांनी आपल्या शिवारातील भूछत्रांचे स्थानिक नाव, उगवण्याची जागा, कोणत्या झाडाखाली अथवा लाकडावर ते आढळले आणि तिथी यांची टिपणे ठेवावीत, चित्र काढावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्याविषयी विचारावे. ही टिपणे समितीच्या नोंदवहीत समाविष्ट होऊ शकतील.

मेघालयातील गावकऱ्यांना त्या भूछत्राचे लॅटिन नाव ठाऊक नव्हते. परंतु ते कोठे उगवते आणि केव्हा चमकते, हे त्यांनाच ठाऊक होते. त्यांनी ते सांगितले, आणि संशोधकांनी ते ऐकून घेतले, म्हणून हा शोध लागला. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या जुन्याजाणत्यांजवळही असे रानाचे ज्ञान आहे. ते त्यांच्यासोबत लोप पावण्यापूर्वी कागदावर उतरविणे, हे आजच्या पिढीचे काम होय.