सहलीची गाडी : स्वतः हाकावी की चालकासह करावी?

पावसाळा ओसरू लागला आणि सह्याद्रीच्या उतारांवर हिरवळ स्थिरावली, की पुण्यातील घराघरांत एका रविवारी पहाटे निघून वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि जमल्यास प्रतापगड पाहून रात्री परत येण्याचे बेत रचले जातात. आणि बेत ठरताच पहिला वाद उपस्थित होतो तो गाडीचा. कोणी म्हणतो, स्वतः चालवू, पैसे वाचतील, मनास येईल तेथे थांबता येईल. कोणी म्हणतो, चालकासह गाडी करू, म्हणजे कसलीच चिंता नको. या दोन्ही पक्षांच्या बोलण्यात ऐकीव समजुतींचा भरणा बराच असतो, आणि त्या समजुतींवर विसंबून घेतलेला निर्णय कधी खिशाला, तर कधी जिवालाही जड जातो, म्हणून त्यांची थोडी छाननी करणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम पैशाचा हिशेब. स्वतः चालवली की सहल निम्म्या खर्चात होते, ही समजूत सार्वत्रिक आहे. परंतु ती धरणारा मनुष्य बहुधा केवळ पेट्रोलच मोजत असतो. पुण्याहून महाबळेश्वर सुमारे 120 किलोमीटर, तेथून प्रतापगड आणखी सुमारे 24. जाऊन-येऊन आणि वाटेतील ठिकाणे धरून 300 किलोमीटरांचा पल्ला होतो. समजा, चालकासह गाडीचा दर किलोमीटरला 14 रुपये आणि चालकाचा भत्ता 400 रुपये आहे, तर 4,600 रुपये झाले. आता चालकाविना मिळणाऱ्या गाडीचे दिवसाचे भाडे 2,200 रुपये धरा, लिटरला 15 किलोमीटर या मानाने 20 लिटर पेट्रोल 105 रुपयांच्या भावाने 2,100 रुपयांचे होते, म्हणजे एकूण 4,300 रुपये. टोल आणि वाहनतळाचे शुल्क दोहोंकडे सारखेच. फरक राहिला तीनशे रुपयांचा, आणि तोही अनामत रक्कम अडकवून ठेवून! मात्र हेच गणित लोणावळ्यास लावले तर पारडे फिरते. बाहेरगावच्या फेरीस गाडीवाले दिवसाला 250 किंवा 300 किलोमीटरांचे किमान भाडे आकारतात, ते अंतर बहुधा गाडी जेथून निघते तेथपासून मोजतात, आणि लोणावळा तर जाऊन-येऊन 130 किलोमीटरही पुरते भरत नाही. न कापलेल्या वाटेचे पैसे तेथे भरावे लागतात. तेव्हा जवळच्या ठिकाणी आपण स्वतः गाडी न्यावी आणि लांबच्या घाटवाटेस चालक घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी समजूत याहून घातक. ओळखीच्या गृहस्थाची घरगुती गाडी भाड्याने घेतली, कागदोपत्री काही न करता रोख रक्कम हाती ठेवली, तर दोघांचाही फायदाच, असे पुष्कळ सज्जन लोक मानतात. वस्तुस्थिती अशी की, पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेले वाहन खासगी वापराचे होय. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी प्रवासी वाहतुकीचा परवाना घेतलेली असते. आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील तरच ती गाडी ग्राहकाने स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्यास पात्र समजावी. या शेवटच्या प्रकारासाठी मोटार वाहन कायद्याखाली 1989 साली स्वतंत्र योजना जाहीर झाली, आणि तिच्यात परवाना मागणाऱ्याकडे किमान 50 गाड्या असाव्यात अशी अट घातली गेली. परवान्याविना भाड्याने वाहन चालवल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर 10,000 रुपये दंडाची आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. पण दंड ही गौण बाब होय. खासगी गाडीच्या विम्याच्या करारातच भाडे घेऊन केलेला वापर वगळलेला असतो. दुर्दैवाने अपघात घडलाच, तर विमा कंपनी त्याच वाक्यावर बोट ठेवते, आणि ज्याने भलेपणाने गाडी दिली तो गृहस्थ व ज्यांनी ती घेतली ते प्रवासी, दोघेही कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत राहतात. गोव्यास गेलेल्या आपल्या मंडळींनी हा पाटीचा रंग विशेष लक्षात ठेवावा, कारण तेथे पांढऱ्या पाटीची गाडी पुढे करणारे पावलोपावली भेटतात.

काळ्या पाटीची गाडी घेतली म्हणजे विम्याने सर्व काही भरून निघते, हेही खरे नव्हे. बहुतेक करारनाम्यांत ठरावीक रकमेपर्यंतचे नुकसान अनामतीतून वळते करण्याची मुभा मालकास असते, आणि करारात नाव नसलेल्या माणसाच्या हाती चाक दिले तर सारी जबाबदारी गाडी भाड्याने घेणाऱ्यावर येते. म्हणून गाडी ताब्यात घेतानाच चारी बाजूंनी छायाचित्रे काढावीत, आणि ‘थोडा वेळ तू चालव’ हा प्रेमळ आग्रह त्या दिवसापुरता आवरावा.

स्वातंत्र्याविषयीची समजूत मात्र मला अधिक विचार करण्याजोगी वाटते. आपण गाडी चालवू तेव्हा आपण मोकळे, हे म्हणणे वरवर बिनतोड भासते. पण वाई सोडून पसरणीचा घाट चढू लागल्यावर उजव्या-डाव्या वळणांतून खाली कृष्णेचे खोरे आणि धोमच्या जलाशयाचे पाणी उलगडत जाते, तेव्हा गाडीतील सर्व माणसे ते पाहतात, आणि ज्याच्या उत्साहाने सहल निघाली तो एकटाच समोरच्या मालमोटारीच्या मागच्या दिव्यांवर नजर खिळवून बसलेला असतो. त्याने नजर हलवू नये हेच इतरांच्या हिताचे असते. शिवाय स्वतःची गाडी दारापर्यंत जाते, हेही सर्वत्र खरे नाही. माथेरानास मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. अजिंठ्यास लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटर अलीकडे गाडी ठेवून पुढे तेथील बसने जावे लागते.

‘गाडी चालवता येते म्हणजे घाटही चालवता येतो’ असे मानणाऱ्यांना मी माझ्या डोळ्यांदेखतची हकिकत सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात आम्ही सहा माणसे, त्यांत माझी वृद्ध आई, चालकासह गाडी करून महाबळेश्वराहून आंबेनळीच्या घाटाने प्रतापगडाकडे उतरत होतो. दोन वळणे झाली न झाली तोच धुके असे दाटले की गाडीचे नाक दिसेना. चालक मध्यमवयीन, मितभाषी. त्याने आधी गाणी बंद केली, दिव्यांचा झोत खाली घेतला, आणि मग पाऊस आत येत असतानाही आपल्या बाजूची काच चार बोटे उतरवली. आईने विचारले, “अहो दादा, भिजाल ना!” तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, “भिजू द्या, आजी. दिसत नाही तिथं कानानं चालवावी लागते.” आणि खरोखरच पुढच्या वळणाआड खालून चढणाऱ्या एसटीचा हॉर्न त्याला आम्हा सर्वांच्या आधी ऐकू आला, त्याने गाडी डोंगराच्या अंगास घेऊन थांबवली, कारण अरुंद चढावर वर येणाऱ्या वाहनास वाट द्यायची असते. उतारभर गाडी त्याच गिअरमध्ये होती, ज्या गिअरमध्ये ती तो चढ चढली असती. ब्रेकवर त्याचा पाय क्वचितच दिसे. सतत ब्रेक दाबून उतरणाऱ्याचे ब्रेक तापून निकामी होऊ लागतात आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्यास इंजिनाचा आधारच उरत नाही, हे पुस्तकात वाचलेले मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले.

पण त्याच दिवसाचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे, कारण सर्वांत मोठा गैरसमज त्यात दडलेला आहे. परतताना रात्री दहाच्या सुमारास, सुरूर फाटा सोडून बराच वेळ झाल्यावर, त्याने डोळ्यांवर हात फिरवलेला मला आरशात दिसला. विचारपूस केली तेव्हा कळले की आदल्या रात्री दोन वाजता तो शिर्डीची फेरी संपवून आला होता आणि पहाटे पाचला आमच्या दारात उभा राहिला होता. आम्ही गाडी थांबवली, त्याला अर्धा तास मागच्या आसनावर झोपू दिले, चहा पाजला, मगच निघालो. भाडे ठरवताना मी किलोमीटर विचारले, भत्ता विचारला, वातानुकूलनाचे विचारले. त्याच्या झोपेविषयी विचारले नाही, याची मला आजही खंत वाटते.

दिवसाचे भाडे भरले म्हणजे चालक चोवीस तास आपला, अशी जी धारणा आहे तिला कायद्यात यत्किंचितही आधार नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे काम आठ तासांचे ठरवले, विश्रांती धरून त्याचा विस्तार बारा तासांपलीकडे जाऊ नये असे म्हटले, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 91 व्या कलमाने कामाच्या तासांची ही मर्यादा वाहतूक वाहनांच्या चालकांना लागू केली. पहाटे पाच ते रात्री अकरा ही आपली लाडकी सहल अठरा तासांची होते. ती चालकाला झेपणारी नाही, तशीच आठवडाभर कचेरीत राबून रविवारी चाक हाती घेणाऱ्या घरच्या माणसालाही झेपणारी नाही. दोन्ही पक्षांनी वाद घालण्याआधी दिवसच आखूड करावा, प्रतापगड तरी ठेवावा किंवा महाबळेश्वराची ठिकाणे तरी. दोन्ही पाहिजेतच असतील तर स्वारगेटहून एसटीने महाबळेश्वरास जावे, तेथील टॅक्सी घ्यावी आणि एक रात्र मुक्काम करावा.

वाचकहो, पुढच्या वेळी गाडी ठरवण्यासाठी फोन कराल, तेव्हा दराच्या आधी दोन प्रश्न विचारा: गाडीची पाटी कोणत्या रंगाची आहे, आणि येणारा चालक आदल्या रात्री किती वाजता घरी पोहोचणार आहे. आणि चाक स्वतःच हाती घेणार असाल, तर दुसरा प्रश्न स्वतःलाही विचारा.