खोक्यावरचा मोठा आकडा

घरच्या डेस्कटॉपला नवं ग्राफिक्स कार्ड बसवायचं ठरलं, की अंधेरीचा गिऱ्हाईक असो वा मुलुंडचा, लॅमिंग्टन रोडच्या दुकानात त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती जीबीचं आहे?’ बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. जीबी म्हणजे कार्डावरची मेमरी किती माहिती साठवते त्याचं माप. ती माहिती चिपपर्यंत किती वेगाने पोचते, याचा त्यातून पत्ता लागत नाही. सोसायटीची टाकी कितीही मोठी असली तरी नळ अर्धा इंचीच असेल, तर बादली भरायला लागायचा तो वेळ लागतोच. जीटी ७३० हे २०१४ सालचं कार्ड. त्याची चार जीबी डीडीआर-३ मेमरीवाली आवृत्ती सेकंदाला साधारण १४ जीबी माहिती हलवते. २०१९ च्या जीटीएक्स १६५० वरही चारच जीबी, पण वेग सेकंदाला १२८ जीबी. जीटी १०३० ने तर कमालच केली: एकाच नावाखाली एक आवृत्ती ४८ जीबी वेगाची आणि नंतर आलेली डीडीआर-४ वाली जेमतेम १७ जीबीची. खोक्यावर दोन्हींचं नाव तेच आणि दोन जीबी हा आकडाही तोच. जो आकडा सांगायला सोपा, तो ठळक छापला जातो. कामाचा आकडा बारीक अक्षरात असतो आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग जीबीला काही अर्थच नाही का? आहे, पण मर्यादेपुरता. गेमचं किंवा व्हिडिओचं काम कार्डाच्या मेमरीत मावेनासं झालं की कार्ड अडखळू लागतं आणि तिथे चार जीबी आज खरोखर तोकडी पडते. काम मावत असेल, तर मात्र वरची मेमरी नुसती पडून राहते. आरटीएक्स ३०६० वर १२ जीबी आहे आणि ३०६० टीआय वर आठच, तरी बहुतेक गेममध्ये टीआय पुढे असतं, कारण त्याची चिप मोठी आणि मेमरीचा मार्ग रुंद आहे. संगणकावर एआयची मॉडेल चालवायची असतील, तर मात्र ३०६० चे जादा चार जीबी उपयोगी पडतात. म्हणून काम कोणतं हे आधी ठरवावं, दुकान मग गाठावं.

एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची, गोष्ट याहून गंभीर आहे, कारण इथे चुकीचा आकडा वाचला तर नुसता वेग कमी होऊन भागत नाही. स्वस्तातल्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ असं झोकात लिहिलेलं असतं. कार्डाला लागते ती १२ व्होल्टची वीज. लेबलवर त्या रकान्यात १५ अँपिअर असतील, तर हातात उरतात १८० वॅट. आरटीएक्स ४०६० ला ११५ आणि प्रोसेसरला ६५ असा हिशेब केला, तर हे १८० तिथेच संपतात. पंखे आणि हार्डडिस्क अजून बाकीच आहेत, शिवाय कार्ड क्षणभर ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढतं ते वेगळंच. ‘शेजाऱ्याचं त्याच एसएमपीएसवर मजेत चाललंय की’ हा युक्तिवाद नेहमीचा. चालतं, कारण ब्राउझर किंवा एक्सेल उघडं असताना कार्ड जवळपास झोपलेलं असतं. खरी परीक्षा गेम किंवा रेंडरिंग सुरू झाल्यावर होते आणि मग संगणक मध्येच बंद पडू लागतो. हार्डडिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या वायरीवरून आठ पिनचा कनेक्टर बनवून देणारी तार तर घेऊच नये. साटाच्या कनेक्टरची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॅट आणि आठ पिनांची अपेक्षा १५० वॅटची. तार वितळते ती अशाने. उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का आहे, की नव्या कार्डाला नवा एसएमपीएस लागतोच. जीटीएक्स १६५० ची अनेक मॉडेल मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवरच भागवतात, त्यांना वेगळी वायर लागत नाही.

हाच घोळ यूपीएसचा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत; घरगुती ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. अंधेरी-बोरिवलीत वीज अदानी किंवा टाटाची, मुलुंडला महावितरणची आणि ती एरवी फारशी जात नाही. पण १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईभर गेली तशी गेली, तर जोरात चाललेला गेम आणि मॉनिटर मिळून तो यूपीएस मान टाकू शकतो. वीजबिलाची भीती मात्र अवास्तव आहे. रोज तीन तास १०० वॅट जास्त लागले, तर महिन्याला नऊ युनिटं होतात.

तापमानाचा आकडा नेमका उलटा वाचला जातो. कार्ड ७५ अंशांवर गेलं की घाबरून कॅबिनेटचं झाकण काढून ठेवणारे पुष्कळ आहेत. अलीकडच्या बहुतेक कार्डांची कमाल मर्यादा ९० अंशांच्या आसपास असते आणि तिच्याजवळ पोचलं की कार्ड आपणहून वेग कमी करतं. खोलीचं तापमान जितकं वाढेल, जवळपास तितकंच कार्डाचंही वाढतं, म्हणून २२ अंशांच्या एसी खोलीत ६५ वर राहणारं कार्ड ३३ अंशांच्या मुंबईत ७६ वर गेलं तर नवल नाही. खरा शत्रू आहे तो कॅबिनेट कोंबायला दार लावलेला कप्पा असलेलं कॉम्प्युटर टेबल आणि गल्लोगल्ली चाललेल्या पुनर्विकासाची धूळ. झाकण काढलं की ती थेट आत.

जुन्या मदरबोर्डवर नवं कार्ड चालत नाही, हेही खरं नाही. पीसीआय एक्सप्रेस ४ चं कार्ड ३ च्या स्लॉटमध्ये चालतं. मात्र लेन, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यात माहिती ये-जा करण्याच्या वाटा, मोजाव्यात. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन आहेत, त्यामुळे जुन्या स्लॉटमध्ये त्याचा मार्ग अर्धा होतो आणि चार जीबी मेमरी भरली की ते जाणवतं. शिवाय व्हिडिओ एन्कोड करणारा भाग त्या चिपमध्ये नाहीच, म्हणजे घरी एडिटिंग करणाऱ्याने ते घेऊच नये. आणि ज्याचं सगळं काम टॅली, ब्राउझर आणि वर्डमध्ये होतं, त्याने कोणतंच कार्ड घेऊ नये. तो पैसा एसएसडीत घातला तर फरक पहिल्याच दिवशी दिसेल. घेतलंच, तर मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टातून काढून कार्डाच्या पोर्टात लावली आहे ना, ते पाहावं. ‘कार्ड बसवूनही काही फरक नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.